वाहन, माल आणि पत : मालमोटारीचा चालक मालक कां होतो ?

१

दक्षिणेंतील वाहतुकीच्या इतिहासाचा विचार करतांना आपले लेखक बहुधा मार्ग, घाट, जकातीचीं ठाणीं आणि व्यापारी पेठा यांकडे लक्ष देतात. मार्गावरून माल वाहून नेणारा मनुष्य कोण, त्याचें जनावर किंवा यंत्र कोणाच्या मालकीचें, आणि तें तसें कां, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः हा प्रश्न गौण नाहीं. ज्याच्या हातीं वाहन असतें त्यास व्यवहारांत कांहीं एक अधिकार प्राप्त होतो. ज्याच्या हातीं तें नसतें त्यास दुसऱ्याच्या हुकुमानें चालावें लागतें. सतराव्या शतकांतील बंजाऱ्यापासून आजच्या मालमोटारीच्या चालकापर्यंत या अधिकारासाठीं चाललेली धडपड एका सूत्रांत गुंफून पाहणें हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

आज भारतांतील मालमोटारींचा फार मोठा भाग एक ते पांच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हातीं आहे, आणि या मालकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या आयुष्याचा आरंभ क्लीनर किंवा पगारी चालक म्हणून केलेला असतो. चालक मालक कां होतो, याचीं दोन उत्तरें सामान्यतः दिलीं जातात. पहिलें असें कीं, त्यास नफ्याची आशा असते. दुसरें उत्तर योजनाकारांचें : धंद्याचा हिशेब न समजल्यामुळें तो कर्ज काढून गाडी घेतो, आणि लहान मालकांची ही गर्दी म्हणजे वाहतुकीच्या मागासलेपणाचें लक्षण होय. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. चालकास मुख्यत्वेंकरून हवा असतो तो खेप पत्करण्याचा वा नाकारण्याचा हक्क. हा हक्क वाहनाच्या मालकीनें मिळतो असें त्यास वाटतें. परंतु वाहन हा त्या हक्काचा केवळ एक आधार आहे. माल कोणाचा आणि पत कोणाची, हे दुसरे दोन आधार होत. हे तीन आधार कोणत्या काळीं कोणाच्या हातीं होते, हें पाहिलें म्हणजे या धडपडीचें यश आणि तिची मर्यादा हीं दोन्ही स्पष्ट होतात.

२

मोगलाईंत धान्य, मीठ व साखर यांची खुष्कीची दूरची वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या बैलांवरून होत असे. पीटर मंडी हा इंग्रज १६३२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत प्रवास करीत असतां त्यास धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा आढळला. या लोकांविषयीं त्यानें जी माहिती नमूद करून ठेविली आहे तींत आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असत. व्यापारी कधीं कधीं त्यांस भाड्यानें लावीत, परंतु बहुतेक वेळीं ते आपणच व्यापारी असत. स्वस्ताईच्या मुलखांत धान्य खरेदी करून तें महागाईच्या मुलखांत विकावें, आणि परत फिरतांना मीठ, साखर, तूप यांपैकीं ज्यांत चार पैसे सुटतील तो माल लादावा, अशी त्यांची रीत होती. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचा प्रवासवृत्तांत १६७६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन असून धान्य, तांदूळ, डाळी व मीठ असे मालपरत्वें या लोकांचे चार वर्ग सांगितले आहेत.

या वर्णनांवरून बंजाऱ्याच्या धंद्याचें स्वरूप उघड होतें. बैल त्याचा, गोणी त्याची, आणि बहुधा गोणींतील मालही त्याचाच. भांडवल कधीं त्याचें असे, कधीं सावकाराचें; परंतु कोणता माल कोठें न्यावयाचा याचा निर्णय तांड्याचा नाईक करी. परतीची खेप रिकामी जाऊं नये म्हणून त्यास दुसऱ्याच्या दारांत तिष्ठावें लागत नसे. तो स्वतःच माल घेऊन भरीत असे. मालवाहतुकीच्या धंद्यांत रिकामी परतफेरी ही सर्वांत मोठी बूड होय, आणि तिचा उपाय वाहकाच्याच हातीं असणें यांत त्याच्या स्वातंत्र्याचें मर्म होतें.

या स्वातंत्र्याची किंमत सत्ताधीश जाणून होते. आसफखानाच्या दक्षिणेकडील स्वारींत, १६३० च्या सुमारास, भंगी व जंगी या नाइकांचे बैल फौजेबरोबर होते, आणि त्यांस पाणी व गवत यांविषयीं, इतकेंच नव्हे तर खुनाच्या माफीविषयींही, सुवर्णाक्षरांचा ताम्रपट दिला गेला, अशी बंजाऱ्यांत परंपरा आहे. त्या ताम्रपटाच्या शब्दांविषयीं कोणी शंका घेतली तरी परंपरेचा आशय खोटा ठरत नाहीं : ज्याच्यावांचून फौजेस अन्न मिळत नाहीं तो आपल्या अटी घालूं शकतो. १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेंतही आर्थर वेलस्लीनें आपल्या फौजेच्या धान्यासाठीं बंजाऱ्यांचा उपयोग केला.

आगगाडीनें ही व्यवस्था मोडली. मुंबई-ठाणें हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला; भोरघाटांतील मार्ग १८६३ मध्यें व थळघाटांतील १८६५ मध्यें खुला झाला. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. आगगाडीनें बंजाऱ्याचे बैल हिरावून घेतले नाहींत. तिनें त्याचा माल हिरावून घेतला. स्टेशनाशेजारच्या पेठेंत मोठ्या व्यापाऱ्यानें माल विकत घ्यावा व डब्यांत भरावा, असें होऊं लागल्यावर मुलखामुलखांतील भावांतल्या अंतरावर जगणारा नाईक निरुपयोगी झाला. बैल दावणीस राहिले, परंतु त्यांवर लादावयास कांहीं उरलें नाहीं. कांहीं तांडे शेतीकडे वळले, कांहीं मोलमजुरीकडे. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं कित्येक प्रांतांत या फिरत्या लोकांची नोंद संशयितांत झाली. वाहन असून माल नसला म्हणजे वाहकाची काय स्थिति होते, याचें हें आपल्या इतिहासांतील पहिलें मोठें उदाहरण होय.

३

बंजाऱ्याच्या मागून वाहतुकीच्या क्षेत्रांत ठळकपणें पुढें आला तो गाडीवान. भोरघाटाचा चाकाच्या गाड्यांस योग्य असा रस्ता १८३० मध्यें सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत खुला झाला, आणि देशावरून कोंकणांत बैलगाडी थेट उतरूं लागली. पुढें आगगाडी आल्यावर गाड्यांचें काम संपलें नाहीं. तें स्टेशन व गांव यांमधील वाहतुकीपुरतें राहिलें, आणि व्यापार वाढला तसें तें वाढलेंही.

हा गाडीवान बहुधा शेतकरी असे. सुगी आटोपली म्हणजे पावसाळ्यापर्यंत बैल रिकामे. त्या अवधींत दुसऱ्याचा कापूस, गूळ किंवा धान्य भाड्यानें वाहून तो चार पैसे मिळवी. माल त्याचा नसे, ह्या बाबतींत तो बंजाऱ्याहून दुर्बळ होता. परंतु त्याची जमीन होती. भाडें परवडलें नाहीं तर गाडी सोडून घरीं बसण्याची त्यास मुभा होती, कारण बैल भाड्यासाठीं घेतलेले नसून नांगरासाठीं घेतलेले होते. म्हणजे खेप नाकारण्याचा त्याचा हक्क गाडीवर नव्हे, तर शेतावर उभा होता. हा मुद्दा आपण पुढें मोटारीच्या विचारांत ध्यानीं ठेवूं. कारण मोटार नांगरास जुंपतां येत नाहीं.

४

मोटारीवर सरकारी नियंत्रण १९१४ च्या कायद्यानें सुरू झालें असलें तरी रस्त्यावरील वाहतुकीनें आगगाडीच्या उत्पन्नास धक्का दिला तो पहिल्या महायुद्धानंतर. या स्पर्धेचा विचार करण्यासाठीं मिचेल व कर्कनेस यांची चौकशी झाली व १९३३ मध्यें सिमल्यास रस्ते आणि रेल्वे यांविषयीं परिषद भरली. त्यांतून अखेर १९३९ चा मोटार वाहनांचा कायदा निघाला. या कायद्यानें प्रादेशिक परिवहन अधिकारी मंडळें निर्माण केलीं आणि भाड्यानें माल वाहण्यास परवाना आवश्यक केला. स्वतःच्या धंद्याचा माल नेणारा तो खासगी वाहक आणि लोकांचा माल भाड्यानें नेणारा तो सार्वजनिक वाहक, असे दोन वर्ग ठरले. मालमोटारीच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ हीं अक्षरें दिसूं लागलीं तीं या कायद्यामुळें.

या परवान्याचा परिणाम कायद्याच्या कर्त्यांच्या हेतूपलीकडे गेला. परवाने मोजके व त्यांचें क्षेत्र मर्यादित असल्यामुळें परवाना हीच एक मालमत्ता झाली. एका प्रदेशाचा परवाना दुसऱ्या प्रदेशांत चालावयाचा तर तेथील मंडळाची प्रतिस्वाक्षरी लागे. परवाना मंडळाच्या अनुज्ञेवांचून हस्तांतरित करतां येत नसे. ज्यास गाडी हांकतां येत होती, दुरुस्त करतां येत होती, रस्ते ठाऊक होते, त्यासही केवळ एवढ्या भांडवलावर धंदा उघडणें शक्य नव्हतें. म्हणजे बंजाऱ्याच्या काळीं ज्याचा पत्ताही नव्हता असा एक नवा अडसर, राज्यसत्तेचा, वाहक व व्यवसाय यांच्यामध्यें उभा राहिला.

असें असूनही लहान मालकांची संख्या वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या निकालांत काढलेल्या गाड्या बाजारांत आल्या व त्या घेऊन पुष्कळांनीं धंद्यांत पाऊल टाकलें. १९५४ मध्यें टाटांच्या कंपनीनें जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीशीं सहकार्य करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि देशी गाडी व तिचे सुटे भाग गांवोगांवच्या कारागिरांच्या परिचयाचे झाले. १९५९ मध्यें मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें रस्ता वाहतुकीची पाहणी केली, तेव्हां एकेक गाडीवाल्या मालकांचें प्राबल्य तिच्या नजरेंत भरलें, व अशा मालकांनीं एकत्र येऊन मोठे घटक बनवावेत असा तिनें अभिप्राय दिला. तो अभिप्राय योजनेच्या दृष्टीनें सयुक्तिक होता; तथापि तो अंमलांत आला नाहीं. असें कां झालें, याचें उत्तर चालकाच्या बाजूनेंच शोधिलें पाहिजे.

५

मालमोटारीचा धंदा कारखान्यासारखा नाहीं. कारखान्याचा मालक कामगारावर देखरेख ठेवूं शकतो. मोटारीचा मालक पेढीवर बसलेला असतो आणि गाडी शेंकडों मैलांवर असते. डिझेल किती जळलें, टायर खड्ड्यामुळें फुटला कीं निष्काळजीपणामुळें, गाडी नादुरुस्त होती कीं चालक झोपला होता, हें त्यास समजावयास मार्ग नसे. अलीकडे उपग्रहाच्या साहाय्यानें गाडीचा ठावठिकाणा कळूं लागला आहे. परंतु ज्या काळांत या धंद्याचें स्वरूप ठरलें त्या काळीं मालकाच्या हातीं विश्वास व संशय ही दोनच साधनें होतीं. म्हणून पगार थोडा, खेपेगणिक भत्ता, आणि वाटखर्चासाठीं ठराविक रक्कम, अशी पद्धति पडली. वाटखर्चांतून चालकानें वांचवावें हें मालकानें गृहीत धरावें आणि तेवढ्यासाठींच त्याजवर संशयही घ्यावा, असा हा विचित्र संबंध होता. प्रामाणिक व कुशल चालकास तो जाचक होई; त्याच्या काटकसरीचा लाभ दुसऱ्यास मिळे व संशय मात्र त्याच्या वांट्यास येई. आपली काळजी आपल्याच पदरीं पडावी, ही चालकाच्या मालक होण्याच्या इच्छेमागील पहिली प्रेरणा होय.

दुसरें कारण जुन्या गाडीच्या अर्थशास्त्रांत आहे. गाडी जुनी झाली म्हणजे ती वरचेवर बिघडते. ज्याच्याकडे पगारी माणसें आहेत त्या मालकास गाडी उभी असली तरी माणसांचा खर्च सोसावा लागतो, व प्रत्येक दुरुस्ती मिस्त्रीकडून करवून घ्यावी लागते. तीच गाडी ज्यानें दहा वर्षें हांकली त्यास तिचा प्रत्येक आवाज ओळखतां येतो. तो रस्त्याच्या कडेला स्वतः गाडीखालीं शिरून ती चालती करतो. क्लीनरच्या जागीं भाऊ किंवा मुलगा घेतो. यामुळें मालकाच्या दृष्टीनें जी गाडी परवडेनाशी होते तीच चालकाच्या हातीं कांहीं वर्षें पोट भरूं शकते. पुष्कळ ठिकाणीं मालकानेंच आपल्या विश्वासू चालकास जुनी गाडी हप्त्यांनीं द्यावी, असा प्रघात दिसतो तो याच कारणानें. त्यांत मालकाचें औदार्य असेल; परंतु दोघांचा हिशेबही असतो.

तिसरें कारण कायद्याचें. मोटार वाहतूक कामगारांसाठीं १९६१ मध्यें जो कायदा झाला त्यानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठीं ती दहा व चौपन्न तासांपर्यंत वाढविण्याची सवलत ठेविली. परंतु सामान्यतः पांच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या व्यवसायासच तो कायदा लागू होता. ज्याच्यापाशीं एक-दोन गाड्या तो त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि जो स्वतःच मालक व स्वतःच चालक त्याच्या तासांस मर्यादा घालणारा मालकच उरला नाहीं. लहान मालक स्वस्त भाड्यानें माल नेऊं शकतो याचें एक कारण हेंच कीं, तो आपल्या झोपेचा हिशेब भाड्यांत धरीत नाहीं. ज्या पेढीस माल पाठवावयाचा आहे तिला स्वतःच्या गाड्या व चालक ठेवण्यापेक्षां अशा मनुष्यास खेप देणें सोयीचें वाटावें, यांत नवल नाहीं.

चौथें कारण पैशांत मोजतां येत नाहीं, म्हणून इतिहासकारानें तें वगळणें योग्य होणार नाहीं. पगारी चालकास घरीं मृत्यु झाला तरी खेप पुरी केल्यावांचून परतणें कठीण. सणास घरीं पोंचावें कीं नाहीं हें दुसरा ठरवितो. गाडी आपली झाली म्हणजे आपल्या गांवावरून जाणारी खेप निवडतां येते, उतारावर भरधांव जाण्याचा हुकूम नाकारतां येतो, आणि आपल्या मुलांचीं नांवें गाडीच्या पाठीवर रंगवितां येतात. ज्यानें आयुष्य दुसऱ्याच्या यंत्रावर घालविलें त्यास या गोष्टी क्षुल्लक वाटत नाहींत. क्लीनर, चालक, मालक अशी ही शिडी आहे. मोठें शिक्षण व भांडवल नसलेल्या मनुष्यास चढतां येतील अशा ज्या थोड्या शिड्या आपल्या समाजांत आहेत त्यांपैकीं ही एक होय.

६

तथापि शिडी चढावयास पत लागते. मोटार ही बैलजोडीप्रमाणें घरच्या गोठ्यांत वाढत नाहीं. तिच्यासाठीं लागणारी रक्कम चालकाजवळ नसते, म्हणून हप्त्यांची पद्धति प्रचारांत आली. हप्तेबंदीच्या मूळ करारांत अखेरचा हप्ता फिटेपर्यंत कायद्यानें गाडीचा स्वामी पैसे देणारा असतो. चालक हा केवळ भाडेकरू. गाडीच्या नोंदणीपुस्तकांतही धनकोचा उल्लेख असतो. म्हणजे ज्या वर्षांत चालक स्वतःस मोठ्या अभिमानानें मालक म्हणवितो, त्याच वर्षांत कागदावर मालक दुसराच असतो. या व्यवहारांत ऋणकोस कांहीं संरक्षण मिळावें म्हणून १९७२ मध्यें हप्तेबंदीच्या खरेदीविषयीं कायदा संमत झाला. परंतु तो प्रत्यक्ष अंमलांत आलाच नाहीं, व २००५ मध्यें तो रद्द करण्यांत आला. कायद्याच्या इतिहासांत अशीं उदाहरणें थोडीं सांपडतील.

१९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि त्यानंतर अग्रक्रमानें कर्ज द्यावयाच्या क्षेत्रांत लहान वाहतूकदारांचा समावेश करण्यांत आला. १९७९ मध्यें मद्रासेस श्रीराम ट्रान्स्पोर्ट फायनान्स ही कंपनी स्थापन झाली. जुन्या गाड्यांसाठीं कर्ज देणें हें पुढें तिच्या व्यवसायाचें मुख्य अंग झालें. याच सुमारास परवान्याचा अडसरही ढिला होत गेला. १९७० नंतरच्या दशकांत राष्ट्रीय परवान्याची योजना आली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला व सार्वजनिक आणि खासगी वाहक हा भेद त्यानें मोडला. मे २०१० पासून राष्ट्रीय परवाना एकत्रित शुल्कावर मिळूं लागला. जो दरवाजा १९३९ मध्यें अर्धवट मिटला होता तो अशा रीतीनें उघडला.

दरवाजा उघडला हें चांगलेंच झालें. परंतु तो सर्वांसाठीं एकाच वेळीं उघडला. परवाना दुर्मिळ होता तेव्हां ज्याच्याजवळ तो होता त्यास भाड्याच्या बोलणींत कांहीं बळ होतें. परवाना सुलभ झाल्यावर गाड्या वाढल्या, आणि अड्ड्यावर मालाची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग लांबली. माल मिळतो तो ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या किंवा दलालाच्या हातून. बिल्टी त्याच्या नांवाची, व्यापाऱ्याची ओळख त्याची, भाड्याची उरलेली रक्कम देण्याची वेळही त्याच्या मर्जीची. परमुलखांत माल उतरविल्यावर चालक-मालकापुढें दोनच मार्ग असतात : दलाल देईल त्या भाड्यांत परतीचा माल भरावा, किंवा रिकामी गाडी आणावी. हप्त्याची तारीख जवळ आलेली असते. शेतकरी गाडीवान ज्या ठिकाणीं ‘परवडत नाहीं’ म्हणून उठून जाई, त्या ठिकाणीं हा मनुष्य उठूं शकत नाहीं.

७

हा प्रकार केवळ आपल्या देशांतील दारिद्र्याचा परिणाम आहे अशी कोणी समजूत करून घेईल. ती समजूत टिकत नाहीं, हें दाखविण्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इतिहास थोडक्यांत पाहूं. तेथें आपल्या १९३९ च्या कायद्याच्या चारच वर्षें आधीं, १९३५ मध्यें, मोटार वाहतूक कायदा झाला व ती वाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या ताब्यांत गेली. मात्र शेतांतील कच्चा माल वाहणाऱ्या गाड्या परवान्याच्या बंधनांतून मुक्त ठेविल्या. यामुळें स्वतंत्र चालक-मालकांचा एक वर्ग तयार झाला : जातांना धान्य, फळें किंवा गुरें न्यावयाचीं आणि परततांना परवानाधारक कंपनीस आपली गाडी भाड्यानें देऊन तिचा माल आणावयाचा.

१९७३ च्या अखेरीस तेलाचा तुटवडा व भाववाढ झाली, तेव्हां याच लोकांनीं डिसेंबर महिन्यांत महामार्गांवर गाड्या आडव्या लाविल्या व १९७४ च्या आरंभीं काम बंद ठेवलें. पगारी चालकास डिझेलच्या भावाशीं कर्तव्य नसतें. चालक-मालकास तो भाव जीवनमरणाचा प्रश्न असतो. त्यांच्यांतील अनेकांस आयोगाचें नियंत्रण नको होतें. १ जुलै १९८० रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली व तें नियंत्रण पुष्कळ अंशीं उठलें. परिणाम अपेक्षेहून वेगळा झाला. धंद्यांत शिरणें सोपें झालें म्हणून भाडीं घसरलीं, आणि मोठ्या कंपन्यांस आपल्या पगारी चालकांच्या जागीं ‘स्वतंत्र कंत्राटदार’ नेमणें फायदेशीर वाटूं लागलें. कंपनीनेंच गाडी हप्त्यानें द्यावी, कंपनीनेंच माल द्यावा, आणि हप्ता भाड्यांतून कापून घ्यावा, अशी पद्धति पसरली. मायकेल बेल्झर यांनीं २००० मध्यें व स्टीव्ह व्हिस्केली यांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या स्थितीची चिकित्सा आहे. व्हिस्केली यांनीं स्वतः मालमोटार चालवून व चालकांच्या मुलाखती घेऊन असें दाखविलें कीं, अशा कंत्राटदारांस अनेकदां पगारी चालकाहून अधिक तास राबून कमी प्राप्ति होते, आणि मालकीचें स्वप्न कंपन्या जाणूनबुजून जोपासतात.

२०१९ मध्यें कॅलिफोर्नियानें अशा कंत्राटदारांस नोकर मानण्याकडे झुकणारा कायदा केला. २०२२ च्या जुलैंत तो मालमोटारींस लागू होण्याची वेळ आली तेव्हां ओकलंड बंदरांत निदर्शनें करून कामकाज अडविलें तें चालक-मालकांनींच. संरक्षणापेक्षां स्वतंत्र म्हणविण्याचा हक्क त्यांस अधिक मोलाचा वाटला. हें वर्तन निव्वळ अज्ञानाचें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्यांनीं वर्षानुवर्षें हिशेब ठेवून धंदा केला त्यांस अज्ञानी म्हणणें इतिहासकारास शोभत नाहीं.

८

आपल्याकडील अलीकडच्या दोन घटना या दुहेरी स्थितीवर प्रकाश पाडतात. जुलै २०१८ मध्यें मालमोटारींचा जो देशव्यापी संप झाला त्यांतील प्रमुख मागण्या डिझेलचे दर व टोल यांविषयीं, म्हणजे मालकाच्या होत्या. जानेवारी २०२४ च्या आरंभीं जें आंदोलन झालें त्यांतील तक्रार अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविषयीं, म्हणजे चालकाची होती. चालक-मालक हा या दोन्ही प्रसंगीं रस्त्यावर उभा राहूं शकतो, कारण दोन्ही दुःखें त्याचीं आहेत. मालकाची जोखीम आणि चालकाची जोखीम एकाच शरीरांत एकवटणें, हेंच त्याच्या स्थितीचें वैशिष्ट्य होय.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. चालक मालक होतो तो लोभानें नव्हे व अज्ञानानेंही नव्हे. आपलें कसब, आपली काटकसर व आपला वेळ यांवर आपला हक्क असावा, ही त्याची मागणी रास्त आहे, आणि जुन्या गाडीच्या हिशेबांत तिला व्यावहारिक आधारही आहे. मोठ्या घटकांची शिफारस करणाऱ्यांनीं या मागणीचा विचार केला नाहीं म्हणून त्यांची शिफारस कागदावर राहिली. परंतु वाहनाची मालकी हें त्या हक्काचें एक अंग आहे. बंजाऱ्याजवळ वाहन व माल दोन्ही होतीं, म्हणून फौजांनाही त्याची मनधरणी करावी लागली. माल गेला तेव्हां बैलांनीं त्यास वांचविलें नाहीं. गाडीवानाजवळ वाहन व जमीन होती, म्हणून तो नकार देऊं शके. मोटारवाल्याजवळ वाहन आहे, परंतु माल दलालाचा व पत सावकाराची आहे. त्याचा नकार हप्ता फिटल्यानंतर सुरू होतो, आणि पुष्कळदां तोंपर्यंत गाडी जीर्ण झालेली असते. त्याच्या हिताचा विचार करणाऱ्यांनीं त्यानें मालक व्हावें कीं नाहीं, हा वाद सोडून माल त्याच्यापर्यंत थेट कसा पोंचेल व हप्त्याच्या करारांत त्यास संरक्षण कसें मिळेल, इकडे लक्ष दिलें पाहिजे. त्यानें मालक होण्याचा निर्णय केव्हांच केलेला आहे.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. वाहतुकीच्या जुन्या काळाविषयीं प्रवाशांचीं वर्णनें आणि दप्तरांतील कागद आपणांस उपलब्ध आहेत. मोटारीच्या काळाचे कागद मात्र सरकारी कचेऱ्यांबाहेर कोणी जपून ठेवीत नाहीं. हप्त्यांचीं पुस्तकें, ट्रान्स्पोर्ट कंपन्यांच्या जुन्या बिल्ट्या, प्रतिस्वाक्षरीचे शिक्के असलेले परवाने, चालकांनीं ठेवलेल्या खेपांच्या वह्या, हे सर्व दरवर्षीं रद्दींत जात आहे. पतीचा प्रश्न हप्त्यांच्या पुस्तकांवरून, मालाचा बिल्ट्यांवरून आणि वाहकाच्या वेळेचा प्रश्न त्या वह्यांवरून सुटावयाचा आहे. ज्या वाचकांच्या गांवीं जुना मोटारअड्डा असेल त्यांनीं तेथील वृद्ध मालकांकडून असे कागद मिळवून ते एकाद्या ग्रंथसंग्रहालयांत ठेवण्याची व्यवस्था करावी. चाळीस-पन्नास वर्षें जपलेली एक वही या विषयावर कोणत्याही समितीच्या अहवालाइतकाच प्रकाश पाडील.